सत्तावीस वर्षांच्या युद्धाची उधारी रतनपूरने फेडली

रायपुरातल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमांत, मग ती शिवजयंती असो की गणेशोत्सवातले व्याख्यान, एक मांडणी हमखास कानावर येते. औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला आणि १७०७ मध्ये अहमदनगरला मेला. मधल्या सत्तावीस वर्षांत छत्रपतींची हत्या झाली, राजधानी गेली, खजिना गेला, तरी मराठे लढत राहिले, कारण ते एकट्या राजाचे युद्ध राहिले नव्हते, लोकांचे झाले होते. त्या युद्धाने अठरापगड जातींचा समाज एक केला, कुणब्याच्या पोराला घोड्यावर बसवले आणि याच एकजुटीच्या बळावर मराठे पुढे अटकेपासून कटकेपर्यंत पोहोचले. टाळ्या पडतात, वक्ता खाली बसतो.

यातला पहिला भाग खरा आहे आणि अभिमानाने सांगावा असाच आहे. दुसऱ्या भागाला माझी हरकत आहे. पुण्या-साताऱ्यात बसून ती घ्यायची वेळ कुणावर येत नसेल. रायपुरात राहणाऱ्यावर येते, कारण कटकेची वाट छत्तीसगडातून जाते. त्या वाटेने १७४१ मध्ये जे आले ते एकजूट झालेल्या समाजाचे सैन्य होते, असे म्हणायला मला कुठलाही आधार दिसत नाही.

माझे म्हणणे असे आहे. सत्तावीस वर्षांच्या युद्धाने मराठी समाज मुळापासून बदलला, यात वाद नाही. पण त्या बदलाचा गाभा असा की लढणे हा हजारो घरांचा पोटाचा धंदा झाला, आणि त्या धंद्याचा पगार रोख पैशात न देता जमिनीवरच्या हक्कात लिहून दिला गेला. युद्ध संपले तेव्हा तो हक्क परत घेण्याची ताकद कुणातच उरली नव्हती. मग नवी जमीन शोधावी लागली. रतनपूर आणि रायपूर ही त्या शोधात सापडलेली जमीन.

लोकयुद्धाची मांडणी काही व्याख्यात्यांनी काल-परवा रचलेली नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मराठी सत्तेच्या उदयामागे सगळ्या समाजाचे उत्थान पाहिले आणि औरंगजेबाशी झालेल्या झुंजीला त्या उत्थानाची कसोटी मानले. पारतंत्र्यात लिहिणाऱ्या माणसाला ते तसे दिसणे स्वाभाविक होते, आणि मराठ्यांना निव्वळ लुटारू ठरवणाऱ्या इंग्रज लेखकांना उत्तर देण्यासाठी ते आवश्यकही होते. रानड्यांनी आपले काम केले. आता सव्वाशे वर्षांनी तीच मांडणी, तिच्यातला विचार गाळून आणि फक्त आवेश ठेवून, आपण पुढे चालवत आहोत.

आधी हे पाहू की युद्धापूर्वी काय होते. त्याचे सगळ्यांत चांगले वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे आणि ती बखर कुठे लिहिली गेली हे लक्षात घेण्याजोगे आहे. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, १६९७ च्या सुमारास, जिंजीला. म्हणजे मोगल सेनापती झुल्फिकारखानाचा वेढा पडलेला असताना, महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, हा माणूस थोरल्या महाराजांची व्यवस्था लिहून ठेवत होता. शिपायाला गावे तोडून द्यायची नाहीत, पगार रोख किंवा खजिन्यावरच्या वरातीने द्यायचा. पागेतले घोडे सरकारचे, त्यावर बसणारा बारगीर सरकारचा नोकर. आठ महिने मुलूखगिरी, पावसाळ्यात छावणी, परत येताना प्रत्येकाच्या सामानाची झडती आणि आणलेल्या मालाचा हिशेब. गावोगावच्या देशमुखांचे वाडे-हुडे पाडलेले, त्यांचा हक्क ठरलेल्या रकमेपुरता. चिपळूण भागातल्या छावणीच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र आपण सगळेच सांगतो: दाणावैरण जपून वापरा, संपली तर तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल आणि त्याला मोगल परवडला असे वाटेल. त्या पत्रातली काळजी आणि सभासदाने लिहिलेली व्यवस्था ही एकच गोष्ट आहे. शिपायाचे पोट सरकारने भरले तर तो रयतेच्या चुलीकडे पाहत नाही.

सभासद हे लिहीत होता तेव्हाच ती व्यवस्था मोडली जात होती, आणि त्याच्याच दरबाराकडून. मी कुणाला दोष देत नाही. राजाराम महाराजांकडे १६८९ च्या अखेरीस, जिंजीला पोहोचले तेव्हा, द्यायला काय होते? रायगड पडलेला, येसूबाई आणि लहानगे शाहू कैदेत, वसूल येईल असा सलग मुलूख नाही. मागे रामचंद्रपंत अमात्य हुकूमतपनाह म्हणून विशाळगड-पन्हाळ्याच्या आसऱ्याने किल्ला लढवत होते. समोर औरंगजेब मनसबी आणि वतनाच्या सनदा वाटत होता. त्याच्या मनसबदारांत मराठ्यांची संख्या फुगली ती याच काळात. ज्या देशमुखाला मोगलांकडून वतन कायम करून मिळत होते त्याला इकडे थांबवायचे तर इकडूनही वतनच द्यावे लागणार. तेव्हा कागद निघू लागले. जो जितका मुलूख मोगलांकडून सोडवेल तितका त्याचा सरंजाम.

या कागदांपैकी एक नेहमी उद्धृत होतो. १६९१ मध्ये हणमंतराव घोरपड्यांना सहा लाख होनांचा सरंजाम कबूल केला, पण टप्प्याटप्प्याने: रायगडाचा प्रांत सोडवल्यावर काही, विजापूर घेतल्यावर काही, भागानगर, औरंगाबाद, आणि मोठा हिस्सा दिल्ली घेतल्यावर. आमचे वक्ते हा कागद मराठ्यांच्या हिमतीचा पुरावा म्हणून वाचतात. किल्ल्यात कोंडलेला राजा दिल्लीचे स्वप्न पाहतो, हे खरेच थक्क करणारे आहे. पण तोच कागद दुसऱ्या अंगाने वाचून पाहा. राज्याचा पैसा संपला आहे आणि राजा आपल्या सरदाराला, जे अजून कुणाच्याच हाती नाही अशा मुलखांवर हुंड्या लिहून देतो आहे. हुंडी वटायची तर विजापूर, औरंगाबाद, दिल्ली जिंकत राहावे लागेल. थांबले की हुंडी बुडाली. युद्ध संपवता न येण्याचे बीज या कागदातच पडले आहे.

एकजुटीचे म्हणावे तर संताजी घोरपड्यांचा शेवट आठवा. त्या युद्धातला सगळ्यांत मोठा सेनानी, ज्याच्या नावाने मोगल सरदारांची झोप उडाली, तो १६९७ मध्ये मोगलांशी लढताना पडला नाही. सेनापतिपदावरून त्याचे धनाजी जाधवांशी बिनसले, राजाने त्याला पदावरून काढले, त्याची फौज पांगली, आणि शंभू महादेवाच्या डोंगरातल्या एका ओढ्याकाठी म्हसवडच्या नागोजी मान्यांनी त्याला गाठून मारले. नागोजी आधी मोगलांकडे, मग जिंजीला मराठ्यांकडे, मग पुन्हा मोगलांकडे. त्याच्या मेहुण्याला, अमृतराव निंबाळकराला, संताजीने ठार करवले होते, त्याचा हा सूड. संताजीचे शिर मोगल छावणीत पोहोचले. आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत जिंजी पडण्याच्या बेतात असताना राजाराम महाराजांच्या सुटकेची जी हकीकत बखरकार सांगतात तीही अशीच. मोगलांच्या गोटातल्या गणोजी शिर्क्यांनी वाट मोकळी करावी म्हणून चिटणीस खंडो बल्लाळांनी दाभोळचे आपले वतन त्यांना लिहून दिले. खंडो बल्लाळांची निष्ठा डोळ्यांत पाणी आणणारी आहे. पण छत्रपतींच्या जिवाची बोलणी वतनाच्या कागदावर होतात, एवढी त्या समाजात वतनाची किंमत चढली होती, हे त्याच कथेत लिहिले आहे.

‘कुणब्याच्या हाती तलवार आली’ या वाक्याला थोडा आधार आहे. भीमसेन सक्सेना नावाचा बुऱ्हाणपुरात जन्मलेला कायस्थ कारभारी दलपतराव बुंदेल्याच्या पदरी राहून हे सगळे युद्ध मोगल बाजूने पाहत होता. त्याने फारसीत आपल्या आठवणी लिहिल्या. रयत शेती सोडून हत्यारे आणि घोडी जमवते आहे आणि मराठ्यांना मिळते आहे, असे तो लिहितो. पण का, तेही तो सांगतो. जहागीरदारांच्या बदल्या सारख्या होतात, उद्याची शाश्वती नाही म्हणून त्यांचे गुमास्ते आजच ओरबाडतात, आणि मराठ्यांची मागणी वेगळीच. शेती करून दोन्हीकडे भरायचे की घोडा मिळवून घेणाऱ्यांत सामील व्हायचे, एवढाच पर्याय उरला. यातल्या काहींच्या मनात स्वराज्याची ओढ असेलच, मी ती नाकारत नाही. परंतु नांगर सोडून भाला धरणारा प्रत्येक जण हातात ध्येय घेऊन निघाला होता, असे मानायला भीमसेन परवानगी देत नाही. शेती पडली म्हणून शिपाई झाला, आणि शिपाई झाला म्हणून त्याची शेती पडलीच राहिली.

आणि जे घोड्यावर बसले नाहीत त्यांचे काय? आमच्या व्याख्यानांत त्यांना जागाच नाही. १७०२ ते १७०४ या काळात दख्खनेत दुष्काळ पडला, पाठोपाठ रोगाची साथ आली. इटालियन प्रवासी निकोलाव मनुचीने वीस लाख माणसे मेल्याचे लिहिले आहे. त्याचा आकडा ऐकीव आहे आणि फुगलेलाही असेल. चौथाईच धरला तरी पाच लाख होतात. पाऊस न पडणे हे कुणाच्या हातचे नाही. पण वीस-बावीस वर्षे ज्या मुलखातून दोन फौजा वैरण, धान्य, बैल ओढून नेत आहेत, ज्या मुलखातल्या विहिरी-बांध कुणी दुरुस्त केलेले नाहीत, तिथे एक वर्ष पाऊस गेला की काय होते हे सांगायला इतिहासकार लागत नाही. या मृत्यूंचा मोठा भार औरंगजेबावर आहे. वयाच्या नव्वदीजवळ पोहोचेपर्यंत हट्टाने ती छावणी त्यानेच चालवली. तरी हे मेलेले लोक आपले होते, मराठी बोलणारे होते, आणि लोकयुद्धाची कथा सांगताना आपण त्यांनाच वगळतो, हे मला सहन होत नाही.

जातीच्या भिंती पडल्या म्हणतात. काही काळ त्यांत दार उघडले, एवढे मी मान्य करतो. शंकराजी नारायण साध्या कामगिरीतून वर येऊन सचिव झाले, किल्ले परत घेतले. आडनावाला वजन नसलेली कितीतरी घराणी या धामधुमीत पुढे आली. पण युद्धाने त्यांना जे दिले ते वंशपरंपरेने दिले. सचिवपद भोरला घट्ट बसले. जिंजीत नव्याने निर्माण झालेले प्रतिनिधिपद पुढे औंधला स्थिरावले. भोर आणि औंध ही संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली, तोपर्यंत अडीचशे वर्षे त्या एका पिढीच्या पराक्रमाचे फळ तिच्या वंशजांकडे राहिले. ज्या दारातून शंकराजी आत आले ते दार पुढच्या शंकराजीसाठी बंद झाले. आणि गावकुसाबाहेरच्या माणसाकडे घोडाच नव्हता. त्याची वेठ, त्याची पाळी, त्याचे येसकरपण जसेच्या तसे राहिले.

या सगळ्याचा सगळ्यांत प्रामाणिक साक्षीदार स्वतः रामचंद्रपंत अमात्य आहे. युद्धकाळात वतनाच्या कागदांवर ज्याचा शिक्का पडत होता त्याच माणसाने १७१५ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिले, आणि त्यात वतनदारांविषयी इतक्या कडक शब्दांत इशारा दिला आहे की तो आजही वाचताना दचकायला होते. हे लोक म्हणायला चाकर, वस्तुतः छोटे राजेच. धन्याचे राज्य सबळ असावे असे त्यांना वाटत नाही. परचक्र आले की वतनाच्या लोभाने आधी जाऊन भेटतात. यांना दयेने आणि दंडाने दोन्ही हातांनी आवरावे. हा त्याचा आशय. पंचवीस वर्षे ज्याने राज्य वाचवण्यासाठी वतने वाटली तोच म्हातारपणी लिहून ठेवतो की हे विष आहे. आमच्या लोकयुद्धवादी मित्रांनी अमात्यांचे शौर्य घेतले आणि त्यांची साक्ष टाकून दिली.

यावर एक उत्तर मिळते. ठीक आहे, युद्धकाळात तडजोडी झाल्या. पण युद्ध १७०७ ला संपले, नंतर शाहू महाराज आले, बाळाजी विश्वनाथांनी घडी बसवली, आणि छत्तीसगडात जे झाले ते त्यानंतर तीन दशकांनी, त्याचा याच्याशी काय संबंध?

संबंध थेट आहे, आणि तो एका घराण्याच्या हकीकतीत दिसतो. हिंगणीच्या भोसल्यांपैकी परसोजी हे युद्धाच्या धामधुमीत वऱ्हाडात फौज घेऊन वावरणारे सरदार. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा त्यांना येऊन मिळणाऱ्या पहिल्या मोठ्या सरदारांपैकी हे एक. मोबदल्यात सेनासाहेब सुभा हा किताब आणि वऱ्हाडचा मोकासा. म्हणजे जिंजीच्या कागदांचीच रीत: राजाला पाठिंबा हवा, सरदाराला मुलूख हवा. १७१९ मध्ये दिल्लीहून दख्खनेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आल्या आणि बाळाजी विश्वनाथांनी चौथाईची वाटणी ठरवली. शंभरातले पंचवीस राजबाबती म्हणून छत्रपतींना, सहा सहोत्रा, तीन नाडगौडा आणि उरलेले सहासष्ट मोकासा म्हणून सरदारांना. याला आपण घडी बसवणे म्हणतो. या वाटणीत राजाचा हिस्सा एक चतुर्थांश आणि फौज बाळगणाऱ्यांचा दोन तृतीयांश आहे, हे आकडे तोंडाने म्हणून पाहिले तरी सत्ता कुणाकडे गेली ते कळते. युद्धातल्या आणीबाणीची सोय या सनदांनी कायमचा कायदा केली. प्रत्येक मोकासदाराची फौज त्याच्या वसुलावर उभी, आणि फौज टिकवायची तर वसूल वाढत राहिला पाहिजे. वऱ्हाडात निजाम समोर बसलेला, एकाच गावातून दोघांचे कारकून वसूल करणार. तिथे वाढायला जागा नव्हती. जागा पूर्वेला होती.

परसोजींनंतर कान्होजी, मग रघुजी. देवगडच्या गोंड राजघराण्यातल्या भांडणात राणीने १७३९ मध्ये मदतीला बोलावले म्हणून रघुजी आले आणि नागपुरात त्यांनी ठाण मांडले. त्यानंतर लगोलग त्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर तीसेक हजार फौज घेऊन रतनपूरसमोर उभे राहिले. तारीख १७४१ ची. तिथला हैहय राजा रघुनाथसिंह म्हातारा, एकुलता एक मुलगा नुकताच गेलेला, शोकात बुडालेला. प्रतिकार झाला नाही. भास्करपंतांनी तोफा लावल्या, राजवाड्याचा काही भाग ढासळला, तेव्हा एका राणीने तटावरून पांढरे निशाण दाखवले. खजिन्यात जे होते ते गेले आणि वर गावावर लाख रुपयांचा दंड बसला. हैहयांनी आमचे काहीही बिघडवलेले नव्हते. ते मोगलांचे सरदार नव्हते, दख्खनेच्या सहा सुभ्यांत ते मोडत नव्हते, त्यांच्याकडे चौथाई मागायला दिल्लीची सनदही लागू नव्हती. अनेक शतके टिकलेले ते राज्य, एका फौजेच्या पोटाच्या वाटेवर आले एवढाच त्याचा अपराध.

रायपूरची कथा आणखी शांत आणि म्हणून मला आणखी बोचणारी आहे. रायपूरला हैहयांची धाकटी शाखा होती. १४०२ च्या शिलालेखात इथल्या ब्रह्मदेव राजाचे नाव आहे. शिवनाथ नदीच्या उत्तरेचे अठरा गड रतनपूरकडे, दक्षिणेचे अठरा रायपूरकडे. १७४१ मध्ये इथल्या अमरसिंहाला कुणी हात लावला नाही. १७५० मध्ये त्याला गाजावाजा न करता बाजूला केले. राजिम, पाटण आणि रायपूर हे परगणे त्याच्याकडे ठेवले, वर्षाला सात हजार रुपये भरण्याच्या अटीवर. १७५३ मध्ये तो वारला. मुलगा शिवराजसिंह तीर्थयात्रेला गेला होता. तो परत येईपर्यंत परगणे खालसा झालेले होते. पुढे १७५७ मध्ये बिंबाजी भोसल्यांनी त्याला बडगाव हे एक गाव माफीत दिले आणि रायपूरच्या मुलखातल्या दर गावामागे एक रुपया घेण्याचा हक्क दिला. साडेतीनशे वर्षांच्या राजघराण्याचा वारस गावागणिक एका रुपयाचा हक्कदार झाला, आणि तो हक्क १८२२ पर्यंत चालला. हा व्यवहार करणाऱ्यांच्या मनात क्रौर्य होते असे मला वाटत नाही. त्यांना हे अगदी नेहमीचे वाटले असणार. वतन काढणे, वतन देणे, हक्काचा तुकडा तोडून तोंड बंद करणे ही भाषा त्यांच्या घरात दोन पिढ्या बोलली जात होती.

बिंबाजींकडे छत्तीसगड आले तेही पाहा. १७५५ मध्ये रघुजी वारले, चार मुलांत भांडण लागले. थोरल्या जानोजींकडे सेनासाहेब सुभा, मुधोजींकडे चांदा, साबाजींकडे दारव्हा, बिंबाजींकडे छत्तीसगड. एवढा मोठा प्रदेश, त्यातली लाखो माणसे, ही भावाभावांच्या वाटणीत धाकट्याच्या हिश्श्याला आली. राज्य ही कुळाची मिळकत आहे हा विचार शिवाजी महाराजांनी मोडला होता. युद्धाने तो परत आणला आणि भोसल्यांनी तो शिवनाथच्या काठापर्यंत आणून पोहोचवला.

बिंबाजींच्या बाजूने जे सांगता येते ते मी सांगेन, कारण ते खरे आहे. १७५८ पासून १७८७ पर्यंत ते रतनपुरात राहिले, हा प्रदेश त्यांनी आपला मानला. रतनपूरच्या टेकडीवर राममंदिर बांधले, रायपूरच्या दूधाधारी मठाच्या उभारणीशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. लोकांनी त्यांना आठवणीत ठेवले ते काही भीतीने नव्हे. आमच्या मंडळींचा सगळा भर या एकोणतीस वर्षांवर असतो, आणि व्याख्यान १७८७ ला थांबते.

पुढची तीस वर्षे सांगायची कुणाची तयारी नसते. बिंबाजींनंतर छत्तीसगड व्यंकोजी भोसल्यांकडे आले; ते नागपुरातच राहिले आणि इथे सुभे नेमू लागले. महिपतराव दिनकर, विठ्ठलराव दिनकर, केशव गोविंद अशी ती नावे. सुभेदारी ठेक्याने जाऊ लागली. जो नागपूरला जास्त कबूल करेल त्याला सुभा, आणि त्याने जे कबूल केले त्याच्या वर जे निघेल ते त्याचे. विठ्ठलराव दिनकरांनी जुनी गडांची रचना मोडून सत्तावीस परगणे केले, प्रत्येकावर कमाविसदार, हाताखाली फडणीस, कागद मोडीत. छत्तीस गडांची व्यवस्था दाऊ आणि गौटिया यांच्या हाताने चालत असे. दाऊ हा आपल्या बारा-बारा गावांत राहणारा माणूस होता, त्याची पाळेमुळे तिथेच. कमाविसदार येणारा आणि जाणारा. त्याला उद्याची शाश्वती नाही. भीमसेनाने मोगल जहागीरदारांच्या गुमास्त्यांविषयी जे लिहिले होते ते शब्द आता शंभर वर्षांनी आपल्या कमाविसदाराला लागू पडू लागले. आणि या वेळी ओरबाडले जाणारे छत्तीसगडी होते. कंपनीचा सर्वेक्षक कॅप्टन ब्लंट १७९५ मध्ये इथून गेला. हैहयांची जुनी राजधानी रतनपूर त्याला हजारभर झोपड्यांचे, त्यांतल्या बऱ्याच ओसाड पडलेल्या, विस्कळीत गाव म्हणून दिसली. १८१८ मध्ये आलेल्या इंग्रज अधिकारी ॲग्न्यूने सुभ्यांच्या कारभारावर कडक लिहिले. इंग्रजांचा त्यात स्वार्थ होता, आपले राज्य चांगले दाखवण्यासाठी मागच्याला काळे फासायचे होते, हे मी ओळखतो. पण ठेक्याची पद्धत इंग्रजांनी रचून सांगितलेली नाही, ती नागपूरकरांचीच होती.

याच काळात गिरौदपुरीला १७५६ मध्ये जन्मलेले घासीदास वाढले, नांगरामागे राबले, आणि १८२० च्या आसपास त्यांनी मूर्ती, जात, पुरोहित यांच्याविना सतनामाचा मार्ग सांगितला. हजारो शेतकरी त्यांच्यामागे गेले. त्यांचे विचार त्यांचे स्वतःचे होते, त्यांचे श्रेय कोणत्याही राजवटीला देता येणार नाही. परंतु ज्या माणसाने आयुष्याची साठ वर्षे आमच्या राजवटीखाली काढली त्याला शेवटी देव, दरबार आणि जात या तिन्हींपासून दूर जाणारा रस्ता का हवासा वाटला, हा प्रश्न रायपूरच्या मराठी माणसाने स्वतःला विचारायचा नाही तर कुणी विचारायचा?

सगळेच तसे करत होते, असे शेवटी म्हटले जाते. निजाम, अवधचा नवाब, कंपनी, कोण वेगळे होते? खरे आहे. मग आपण वेगळे होतो, हे म्हणणे तरी सोडावे लागेल. रयतेच्या भाजीच्या देठाचीही काळजी करणारे राज्य म्हणून आपण शिवाजी महाराजांना जगासमोर उभे करतो आणि ते योग्यच करतो. त्यांची व्यवस्था वेगळी होती म्हणूनच तिचे मोडणे महत्त्वाचे. ती कशी मोडली, कुणाच्या दबावाखाली, कोणत्या कागदांवर, आणि मोडल्यावर तिची किंमत कुणी भरली, हे न सांगता शिवाजी महाराज आणि भास्करपंत एकाच ओळीत बसवले की अन्याय शिवाजी महाराजांवर होतो.

आणखी एक युक्तिवाद इथल्याच मंडळींचा आहे: मराठे आले म्हणून तर छत्तीसगडला माधवराव सप्रे मिळाले, वामनराव लाखे मिळाले. सप्र्यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले, हिंदी गद्याला वळण दिले, दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत आणले. लाख्यांनी रायपुरात सहकाराचे काम उभे केले. या दोघांचा मला अभिमान आहे. पण त्यांनी जे दिले ते इथल्या लोकांच्या भाषेत आणि इथल्या लोकांबरोबर राहून दिले, शाळा-वर्तमानपत्र-पतपेढीच्या मार्गाने. त्यांची कमाई भास्करपंतांच्या खात्यावर जमा करणे हा सप्रे-लाख्यांचाच अपमान आहे. ते मुलूखगिरीचे वारस नव्हते.

रायपुरातल्या मराठी घरांतली आजची मुले छत्तीसगडच्या इतिहासाचे पुस्तक अभ्यासतात. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्याला बिंबाजींची सनावळी, सुभ्यांची नावे, सत्तावीस परगणे हे पाठ असते; त्यात भोसले हे बाहेरून आलेले राज्यकर्ते आहेत. संध्याकाळी तीच मुले आपल्या सभागृहात संताजी-धनाजींवरचे व्याख्यान ऐकतात. जिंजीच्या कागदापासून शिवराजसिंहाच्या एका रुपयापर्यंतची साखळी त्यांना कुणी दाखवलेली नसते, म्हणून त्यांच्या डोक्यात हे दोन वेगवेगळ्या लोकांचे इतिहास राहतात. पुढच्या शिवजयंतीला जो वक्ता येईल त्याला मंडळाने आधीच सांगावे की सत्तावीस वर्षांचे युद्ध १७०७ ला थांबवू नका, रतनपूरपर्यंत आणा. ऐकायला मराठी मुले असतील तशीच छत्तीसगडी शेजाऱ्यांची मुलेही बोलवावीत, आणि प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवावा.